पानातून परतणारा प्रकाश : हरितद्रव्याच्या अनुस्फुरणाचा इतिहास आणि ट्रॉम्बेचे योगदान

प्रस्तावना

अकोल्याच्या जठारपेठेतील एखाद्या घरी भाजीसाठी आलेला पालक ठेचून अल्कोहोलमध्ये भिजविला व गाळलेल्या हिरव्या अर्कावर निळा प्रकाश टाकला, तर तो अर्क लाल चमकतो. पानांच्या अर्कातील हा लाल प्रकाश डेव्हिड ब्रूस्टर यांनी १८३४ मध्ये नोंदविला. जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ मध्ये त्याचे स्वरूप उलगडले. हेच अनुस्फुरण, म्हणजे फ्लुओरेसन्स. जिवंत पानात ही चमक क्षीण असते. कारण शोषलेला प्रकाश मुख्यत्वे प्रकाशसंश्लेषणात खर्च होतो किंवा उष्णता होऊन निघून जातो. या तीन वाटा परस्परांशी निगडित असल्याने परतणाऱ्या प्रकाशावरून पानाच्या कार्याचा अंदाज बांधता येतो.

कौट्स्की ते ट्रॉम्बे

१९३१ मध्ये जर्मनीत कौट्स्की व हिर्श यांनी अंधारात ठेवलेल्या पानावर एकाएकी प्रकाश टाकला. चमक झपाट्याने वाढली व काही मिनिटांत ओसरली. प्रकाशप्रणाली-२ मधील पहिला इलेक्ट्रॉनग्राहक भरला की चमक वाढते, हे स्पष्टीकरण ड्यूसेन्स व स्वीअर्स यांनी १९६३ मध्ये दिले.

तथापि, हा इतिहास केवळ युरोपचा मानणे अपुरे ठरेल. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील टी. एस. देसाई, पी. व्ही. साने व व्ही. जी. ताटके यांनी १९७५ मध्ये पालकाच्याच पानांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांची पद्धती अनुस्फुरणाची भगिनी होय. प्रकाशित पान अतिशीत करून अंधारात हळूहळू तापविले असता अडकून पडलेले विद्युत्‌भार पुन्हा एकत्र येतात व प्रकाश बाहेर पडतो. यालाच थर्मोल्युमिनेसन्स म्हणतात. गोविंदजी यांच्यासह १९८१ मध्ये या गटाने अशा अवस्थांची ऊर्जा व आयुर्मान मांडले. साने पुढे लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेचे संचालक झाले आणि नंतर अकोल्याच्याच रेल्वेमार्गावरील जळगावी जैन इरिगेशनच्या संशोधनाशी जोडले गेले.

प्रतिमेचे युग

१९८७ मध्ये जपानच्या ओमासा व सहकाऱ्यांनी जोडलेल्या पानाच्या अनुस्फुरणाचे प्रतिमा-विश्लेषण प्रसिद्ध केले. एका बिंदूच्या मोजमापाऐवजी संपूर्ण पानाचा नकाशा मिळू लागला. त्याच वर्षी ब्योर्कमन व डेमिग यांनी निरोगी पानाची अंधारोत्तर कमाल कार्यक्षमता सुमारे ०.८३ असल्याचे दाखविले. मात्र हा आकडा सावधपणे वाचावयास हवा. मध्यम अवर्षणात पर्णरंध्रे मिटली तरी तो फारसा घसरत नाही. ताण आधी उमटतो तो उजेडातील कार्यक्षमतेत. वऱ्हाडातील कोरडवाहू कपाशीचे पान केवळ अंधारानंतर मोजून ‘पीक सुरक्षित आहे’ असे म्हणणे म्हणूनच धोक्याचे ठरेल.

निष्कर्ष

उपकरणे परदेशी असली तरी पानाच्या प्रकाशाचा अर्थ लावण्यात महाराष्ट्रातील प्रयोगशाळेचा वाटा आहे. वनस्पतिशास्त्राच्या अध्यापनात कौट्स्कीबरोबर ट्रॉम्बेचा उल्लेख झाल्यास विद्यार्थ्याला हे ज्ञान परके वाटणार नाही. आणि आकड्यामागील प्रक्रिया समजल्यास त्याचा चुकीचा वापरही टळेल.