तंजावरच्या चर्चमधील मराठा राजा

१/ शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी तंजावरास मराठा राज्य स्थापिले. तेथे १७८७ मध्ये तुळजाराजांनी बालवयातील सरफोजींस दत्तक घेतले. जर्मन मिशनरी श्वार्ट्झ त्यांचे पालक व गुरू झाले.

२/ गादी मात्र चुलते अमरसिंहांकडे गेली. श्वार्ट्झ यांनी कंपनीपुढे सरफोजींचा वारसाहक्क लावून धरला. १७९८ मध्ये श्वार्ट्झ वारले. त्याच वर्षी सरफोजी गादीवर आले. १७९९ च्या तहाने कंपनीने राज्यकारभारच घेतला.

३/ तरी राजे गुरुऋण विसरले नाहीत. शिल्पकार फ्लॅक्समन यांचे संगमरवरी शिल्प त्यांनी चर्चमध्ये बसविले: मृत्युशय्येवरील श्वार्ट्झ, शेजारी सरफोजी. तमिळ ख्रिस्ती कवी वेदनायगम शास्त्रींनाही दरबारी आश्रय होता.

४/ स्वधर्म त्यांनी सोडला नाही. बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ मध्ये भोसलेकुळाचा इतिहास मराठीत कोरविला. राज्य गेले, कृतज्ञता आणि कुळाभिमान दोन्ही दगडांत उरले.