दोन दुष्काळ : पंडिता रमाबाईंच्या दुःखविचारातील स्थित्यंतर

पंडिता रमाबाईंच्या (१८५८-१९२२) आयुष्यात दुष्काळ दोनदा निर्णायक ठरला. पहिल्याने त्यांचे आईबाप नेले; दुसऱ्यात त्या स्वतः भुकेल्यांच्या शोधार्थ निघाल्या. या दोहोंच्या मध्ये १८८३ चा धर्मस्वीकार आहे. त्याने दुःखाकडे पाहण्याच्या त्यांच्या दृष्टीत नेमके काय पालटले, हा प्रश्न भक्तीच्या किंवा रोषाच्या भरात सुटण्यासारखा नाही.

१८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब अन्नास मोताद झाले. पुराणे सांगून निर्वाह करणाऱ्या या कुटुंबाने उरलासुरला पैसा व्रते, दानधर्म व तीर्थस्नाने यांत वेचला. अंगमेहनतीची सवय नव्हती आणि ती पत्करणे कुलाला कमीपणाचे वाटे. शास्त्रीबुवा, त्यांची पत्नी आणि थोरली कन्या एकामागून एक निवर्तली. १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आत्मनिवेदनात रमाबाईंनी हा वृत्तांत दिला आहे. त्यात पित्याविषयीचा आदर यत्किंचितही उणावलेला नाही. आणि पत्नीला व कन्येला संस्कृत शिकविण्यासाठी लोकनिंदा सोसणाऱ्या त्या पुरुषाविषयी तो उणावण्याचे कारणही नव्हते.

इंग्लंडातील वास्तव्यात फुलम येथे, समाजाने पतित ठरविलेल्या स्त्रियांची शुश्रूषा ख्रिस्ती भगिनी करीत असलेल्या त्यांनी पाहिल्या. या ममतेचे मूळ कोठे, असे विचारता त्यांना शोमरोनी स्त्रीची कथा ऐकविण्यात आली. दुःखिताच्या पूर्वकर्माची झडती न घेता त्याच्याशी बोलू लागणारा ख्रिस्त त्यांना तेथे भेटला. मात्र येथे घाईने निष्कर्ष काढू नये. करुणा मराठी संतपरंपरेसही परकी नव्हती, आणि उपासमारीची स्वतःची आठवण ही रमाबाईंच्या ठायी कोणत्याही धर्ममताहून जुनी होती. नव्या श्रद्धेने त्या आठवणीला काम दिले, इतके म्हणता येईल.

ते काम १८९६-९७ च्या दुष्काळात प्रकट झाले. मध्यप्रांतातून त्यांनी शेकडो मुली व विधवा आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध असल्याने त्यांना केडगावच्या शेतावर ठेवावे लागले; मुक्तिसदन तेथेच उभे राहिले. त्याच १८९७ साली प्लेगच्या इस्पितळात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध त्यांनी वृत्तपत्रातून जाहीर तक्रार केली. ख्रिस्ती सहनशीलतेचा अर्थ मुकाट्याने सोसणे असा त्यांनी केला नव्हता, हे यावरून दिसते. धर्मांतराच्या आरोपाने पुण्यातील सुधारक त्यांच्यापासून पूर्वीच दुरावले होते, आणि तो दुरावा सर्वस्वी निराधारही नव्हता.

‘मुक्ती’ हा शब्दही येथे लक्षणीय आहे. जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका हा त्याचा परंपरागत अर्थ; केडगावी त्यात भूक व निराश्रितता यांपासूनची सुटकाही सामावली. तेथील स्त्रिया शेती, विणकाम, छपाई शिकल्या. डोंगरे कुटुंबाला दुष्काळात जे अशक्य वाटले, ते अंगमेहनतीचे काम येथे उपासनेच्या जोडीने चाले. सामान्य स्त्रियांस समजेल अशा मराठीत बायबल आणण्याचा उद्योगही रमाबाईंनी तेथेच आरंभिला. १९२१ साली एकुलती एक कन्या मनोरमा वारली, तरी तो थांबला नाही. भाषांतर हातावेगळे झाल्यावर थोड्याच अवधीत, ५ एप्रिल १९२२ रोजी, त्यांचे निधन झाले.