कलकत्ता ते गडचिरोली

साल १८९५. तुम्ही नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकताय. कॉलेज उघडून जेमतेम दहा वर्षं झालीत. वर्ग गावातला, मास्तर गावातले, पण काय शिकायचं ते ठरतं कलकत्त्यात आणि पदवीवर शिक्काही तिथलाच. सातशे मैलांवरच्या ज्या विद्यापीठाचं तोंड कधी पाहिलं नाही, त्याचे तुम्ही विद्यार्थी. १९०४ साली कलकत्ता जातं आणि अलाहाबाद येतं. नागपूरच्या नावाची पदवी काही येत नाही.

आता ४ ऑगस्ट १९२३. मध्य प्रांत आणि वऱ्हाडाच्या राजधानीला अखेर स्वतःचं विद्यापीठ मिळालंय. कुलगुरू सर बिपिन कृष्ण बोस. सारा पसारा सहा महाविद्यालयांचा, विद्यार्थी ९२७. आज नागपुरातल्या एकाच कॉलेजात याहून जास्त मुलं सहज भरतील. मॉरिसमध्ये तुमच्या बाकावर थोडं सरकून जागा करून देणारा मुलगा आहे मोहम्मद हिदायतुल्ला. १९२६ ला तो बी.ए. होईल, पुढे देशाचा सरन्यायाधीश.

१९४२ ला मात्र जरा थांबा. अमरावती रोडवर लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था सुरू होतेय. कामठीचे खाणमालक डी. लक्ष्मीनारायण मँगनीजमध्ये कमावलेले सुमारे ३५ लाख रुपये मृत्युपत्रानं विद्यापीठाच्या नावे करून गेले. पैसा कशासाठी, तेही स्पष्ट लिहिलं: उपयोजित विज्ञान आणि रसायनशास्त्र शिकवायला. त्या काळातले ३५ लाख! प्रयोगशाळेत शिरा. सरकी, जवस, टोळी म्हणजे मोहाचं बी, हे आपल्याच शिवारातलं धन, आणि त्याच्या तेलाचं शास्त्र इथं शिकवलं जाणार. दानशूर पुष्कळ होऊन गेले, पण आपल्या मातीला कशाची गरज आहे हे इतकं नेमकं ओळखणारा दाता मला दुसरा दिसत नाही.

१९६६. कुलगुरूंच्या खुर्चीत वि. भि. कोलते बसलेत, बुलढाण्याकडच्या खेड्यातून आलेले, महानुभावांच्या पोथ्यांत आयुष्य घातलेले. जिथं पूर्वी कलकत्त्याकडे डोळे लावून बसावं लागे, तिथं मराठीचा अभ्यासक कुलगुरू झालाय. हा बदल मला इमारतींपेक्षा मोठा वाटतो.

पुढची वर्षं भराभर ओलांडा. १९८३ ला अमरावतीला वेगळं विद्यापीठ झालं आणि वऱ्हाडचे जिल्हे तिकडे गेले. २००५ ला नागपूर विद्यापीठाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव मिळालं. २०११ ला चंद्रपूर आणि गडचिरोलीसाठी गोंडवाना विद्यापीठ निघालं. २०२३ ला, शताब्दीच्याच वर्षी, लक्ष्मीनारायण संस्थाही स्वतंत्र विद्यापीठ झाली. नागपूरचं क्षेत्र आटलं म्हणून हळहळणारे भेटतात. मला ते पटत नाही. विद्यापीठ पोरांच्या दाराजवळ जावं, म्हणूनच तर १९२३ चा खटाटोप होता.

आता आजच्या तारखेला या. गडचिरोली जिल्ह्यातल्याच भामरागडच्या मुलीला गोंडवाना विद्यापीठाचं गडचिरोली अजूनही दीडशे किलोमीटरांहून दूर पडतं. तुम्ही नागपूर विद्यापीठाची पदवी घेऊन कुठं स्थिरावला असाल, तर अशा एका मुलीच्या वसतिगृहाचा वर्षाचा खर्च उचला. ३५ लाख लागत नाहीत त्याला.