डेव्हिड बोवीचा साथीदार : कार्लोस अलोमार

डेव्हिड बोवीच्या गिटारवादकांची नावे निघाली की मिक रॉन्सन, रॉबर्ट फ्रिप, एड्रियन बेल्यू, स्टीव्ही रे वॉन हीच मंडळी आधी आठवतात. कार्लोस अलोमारचे नाव त्यानंतर येते, आणि तेही कोणी आठवण करून दिली तर. वास्तविक 1975 ते 1980 या काळातला बोवीचा प्रत्येक स्टुडिओ अल्बम अलोमारच्या ऱ्हिदम गिटारवर, म्हणजे ताल आणि कॉर्ड सांभाळणाऱ्या साथीवर, उभा आहे. त्याच्या वाट्याला लांबलचक सोलो क्वचितच आले आणि रॉकमधली कीर्ती बहुधा सोलोच्या मागे जाते.

अलोमारचा जन्म 1951 चा, प्वेर्तो रिकोतील पोन्सेचा. तो वाढला मात्र न्यूयॉर्कमध्ये. वडील पेंटेकोस्टल धर्मोपदेशक असल्यामुळे गिटार आधी चर्चमध्ये वाजली. पुढे हार्लेमच्या अपोलो थिएटरच्या वाद्यवृंदात तो वाजवू लागला. काही काळ गायक जेम्स ब्राउनकडेही होता. या सगळ्या तालमीत एकच शिस्त होती : गायकाच्या आड यायचे नाही आणि ताल सोडायचा नाही. रॉकच्या गिटारवादकांना ही शिस्त सहसा कोणी लावत नसे.

1974 मध्ये बोवी न्यूयॉर्कमध्ये गायिका लुलूसाठी ध्वनिमुद्रण करत होता, तेव्हा त्याची आणि अलोमारची गाठ पडली. बोवीची खंगलेली अंगकाठी पाहून अलोमारने त्याला घरी जेवायला बोलावले, अशी आठवण तो सांगतो. बोवीला अमेरिकन सोल संगीत त्या घरातल्या माणसांकडून जवळून कळले. त्याच वर्षी फिलाडेल्फियाच्या सिग्मा साउंड स्टुडिओत ‘यंग अमेरिकन्स’चे काम सुरू झाले, तेव्हा अलोमारची पत्नी रॉबिन क्लार्क आणि त्याचा मित्र ल्यूथर वँड्रॉस कोरसमध्ये दाखल झाले. वँड्रॉस तोवर जवळपास अनोळखी होता.

त्या अल्बममधले ‘फेम’ हे गाणे अलोमारच्या वादनातूनच निघाले. ‘फूटस्टॉम्पिन’ या जुन्या गाण्यासाठी त्याने एक रिफ (पुन्हापुन्हा येणारा छोटा सुरांचा तुकडा) बांधला होता आणि बोवीचा वाद्यवृंद ते गाणे मंचावर वाजवत असे. जानेवारी 1975 मध्ये न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रिक लेडी स्टुडिओत ते मुद्रित करून पाहिले, तेव्हा बोवीला पसंत पडले नाही. त्याने गाणे सोडले आणि रिफ ठेवला. स्टुडिओत जॉन लेननही होता. श्रेय तिघांच्या नावे गेले आणि ‘फेम’ बोवीचे अमेरिकेतले पहिले अव्वल क्रमांकाचे गाणे ठरले. पुढे जेम्स ब्राउनच्या ‘हॉट’मध्ये जवळपास हाच रिफ ऐकू आला. जुन्या मालकाने माजी नोकराची इतकी उघड उचल करावी, याहून मोठी पावती ती कोणती!

‘स्टेशन टू स्टेशन’च्या वेळी बास वाजवायला जॉर्ज मरे आला आणि ड्रमवरचा डेनिस डेव्हिस, मरे व अलोमार असे त्रिकूट जमले. बोवी तेव्हा कोकेनच्या इतका आहारी गेला होता की हा अल्बम कसा तयार झाला, हे त्याला पुढे फारसे आठवत नसे. वाजवणारे मात्र जागेवर होते.

या त्रिकुटाचे खरे काम ‘लो’, ‘हीरोज’ आणि ‘लॉजर’ या तीन अल्बममध्ये दिसते. त्यासाठी कामाचा क्रम पाहावा लागतो. बोवी बरेचदा दोन-चार कॉर्ड आणि एखादी ढोबळ कल्पना घेऊन येई. चाल आणि शब्द अजून ठरायचे असत. तिघे मिळून त्यातून ताल, वळणे आणि गाण्याचा सांगाडा तयार करत. तो मुद्रित झाला की त्यांचे मुख्य काम संपे. त्यावर संगीतकार ब्रायन ईनोचे सिंथेसायझर आणि पाहुण्या गिटारवादकांचे थर चढत. बोवीचे शब्द अगदी शेवटी येत. ‘हीरोज’ या शीर्षकगीतात फ्रिपची लांब ताणलेली गिटार सगळ्यांच्या लक्षात राहते. निर्माता टोनी व्हिस्कॉन्टीने त्याच्या तीन टेक एकत्र मिसळल्या होत्या. पण त्या सुरांना तरंगता येते, ते खालच्या ठेक्याने जमीन सोडलेली नसते म्हणून.

अलोमार तारा हाताने दाबून छोटे, तुटक तुकडे वाजवी आणि मध्ये जागा मोकळी सोडी. ‘लॉजर’च्या वेळी ईनोने फळ्यावर कॉर्ड लिहून छडीने दाखवत वाजवायला लावले, अलोमारला ते मुळीच रुचले नाही. ‘बॉइज कीप स्विंगिंग’साठी वाद्यांची अदलाबदल झाली, तेव्हा ड्रमवर तोच बसला.

हे काम आणि कागदावरचे श्रेय यांत मोठी तफावत आहे. गाण्याची मालकी प्रथेने चाल आणि शब्द रचणाऱ्याकडे जाते; ताल आणि बांधणी घडवणाऱ्याला वादनाचा मोबदला मिळतो. ‘फेम’खेरीज गायक इगी पॉपचे ‘सिस्टर मिडनाइट’, ‘द सीक्रेट लाइफ ऑफ अरेबिया’, ‘डीजे’ अशा मोजक्याच गाण्यांवर सहरचनाकार म्हणून अलोमारचे नाव आहे.

1980 च्या ‘स्केरी मॉन्स्टर्स’नंतर त्रिकूट फुटले. ‘लेट्स डान्स’ या अल्बममध्ये ऱ्हिदम गिटार निर्माता नाइल रॉजर्सने स्वतः वाजवली. 1983 च्या ‘सीरियस मूनलाइट’ दौऱ्यात मात्र वाद्यवृंदाची सूत्रे पुन्हा अलोमारकडे आली. 1987 च्या ‘नेव्हर लेट मी डाउन’चे शीर्षकगीत त्याने बोवीसोबत रचले आणि 1995 च्या ‘आउटसाइड’मध्येही तो वाजवताना ऐकू येतो.