आजीचा ओटा आणि लिलियनबाई

इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगमध्ये मास्टर्स करायला निघाले तेव्हा आजीने विचारलं, "म्हणजे नक्की कशाची इंजिनिअर होणार गं तू?" यंत्राची नाही, पुलाची नाही... मी म्हटलं, काम सोपं करायचं शास्त्र. "मग माझ्या ओट्यापासून सुरुवात कर!" ओटा तिला उंच पडायचा, पाटावर उभी राहून पोळ्या लाटायची. सगळे हसले. मीही.

पुढे वर्गात लिलियन गिलब्रेथ भेटली आणि ते हसणं आठवून ओशाळल्यासारखं झालं.

पुस्तकात आधी येतो तो तिचा नवरा फ्रँक. कॉलेजात न जाता गवंडीकामाला लागलेला, विटा रचताना होणाऱ्या नको त्या हालचाली कमी करणारा. लिलियन बहुतेकदा 'त्याची पत्नी'. खरं तर दोघांत जास्त शिकलेली तीच! घड्याळ लावून काम मोजणाऱ्यांना तिने सांगितलं, की कामगाराला मन असतं, तो थकतो. यावर प्रबंध लिहिला. पण बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाची अट होती, पदवीसाठी इथे येऊन राहा. घर देशाच्या दुसऱ्या टोकाला, पदरात लहान मुलं. पदवी हुकली. १९१४ साली त्याच प्रबंधाचं पुस्तक निघालं, तेही 'एल. एम. गिलब्रेथ' नावाने, लेखक बाई आहे हे कळू नये म्हणून. हिने मात्र ब्राउन विद्यापीठात दुसरा प्रबंध लिहून १९१५ मध्ये डॉक्टरेट मिळवली.

१९२४ मध्ये फ्रँक अचानक गेला. मागे अकरा मुलं. दोघांचा सल्ला घेणाऱ्या बऱ्याच कंपन्यांनी पाठ फिरवली. बाईकडून कारखाना काय शिकायचा? मग ती स्वयंपाकघराकडे वळली. तिथे बाईने बोललेलं चालत होतं ना! ओटा किती उंच हवा, शेगडीपासून सिंकपर्यंत किती पावलं पडतात, सगळं मोजलं. (तिला स्वतःला स्वयंपाक फारसा येत नसे म्हणे.) १९३५ मध्ये पर्ड्यू विद्यापीठाने तिला इंजिनिअरिंगची प्राध्यापक केलं.

मी डिग्री घेऊन आले तोवर आजी गेली होती. परवा माहेरी टेप लावून ओटा मोजला. छत्तीस इंच. आजी जेमतेम चार फूट नऊ. पाट अजून ओट्याखालीच आहे, आता त्यावर आई कांदे ठेवते.