ब्लू ग्रास लष्करी कोठार

अमेरिकेच्या केंटकी राज्यातील मॅडिसन काउंटीत, रिचमंड शहरालगत असलेले दारूगोळ्याचे कोठार. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते उभे राहिले. नाव मात्र झाले ते तिथल्या रासायनिक अस्त्रांमुळे. मातीने झाकलेल्या काँक्रीटच्या ‘इग्लूं’मध्ये मस्टर्ड, सारीन व व्हीएक्स भरलेले एक लाखाहून अधिक तोफगोळे आणि अग्निबाण कित्येक दशके पडून होते. अमेरिकेने जाहीर केलेल्या एकूण साठ्याच्या तुलनेत येथील सुमारे ४७५ टन विष दोन टक्क्यांहूनही कमी, तरी तेच सर्वांत शेवटी संपले. अस्त्र जुने झाले की आपोआप निरुपद्रवी होते, ही समजूत येथे टिकत नाही. मारा करण्याच्या कामाचे ते उरत नाही, एवढेच. मोडीत काढायला मात्र ते वर्षागणिक अवघड होत जाते. सर्वाधिक घोर लावला तो सुमारे ६९,५०० एम-५५ अग्निबाणांनी. सारीनचे विघटन होताना तयार होणारी आम्ले त्यांचे ॲल्युमिनियमचे कवच आतून कुरतडतात, आणि मागच्या प्रणोदकाला स्थिर ठेवणारे द्रव्यही काळाबरोबर घटत जाते. मस्टर्डचे उलट झाले. ते गोळ्यांच्या आत थिजले, त्यामुळे उपसून काढणे कठीण झाले. विषारीपणा मात्र गेला नाही.

हा साठा जाळून टाकण्याची योजना लष्कराने १९८४ साली मांडली. क्रेग विल्यम्स यांच्यासारख्या स्थानिक कार्यकर्त्यांनी तिला विरोध केला. साठा दिवसेंदिवस धोकादायक होत असेल, तर विरोधात गेलेली वर्षे हाच मोठा धोका नव्हता काय, असा आक्षेप यावर घेता येतो, आणि तो वजनदार आहे. पण धुराड्यातून निघून गेलेला धूर परत बोलावता येत नाही. कॉस्टिक सोडा व पाण्याने विष निष्प्रभ केले, तर उरलेला द्रव टाकीत रोखून, तपासून मगच पुढे पाठवता येतो. दाट वस्तीशेजारी हा फरक निर्णायक मानावा लागतो. दहनाचे समर्थक येथे एक मुद्दा रास्तपणे मांडू शकतात: थिजलेल्या मस्टर्डपुढे ही रीत लंगडी पडली आणि ते गोळे अखेर विजेने तापवलेल्या बंदिस्त स्फोटकक्षात, म्हणजे उष्णतेनेच, नष्ट करावे लागले. ते काम २०१९ ते २०२१ या काळात झाले. रासायनिक अस्त्रबंदी कराराची २०१२ची मुदत तोवर कधीच उलटून गेली होती. सारीनचा अखेरचा एम-५५ अग्निबाण ७ जुलै २०२३ रोजी नष्ट झाला आणि अमेरिकेचा जाहीर साठा संपला.