29 जणांचा पेपर आणि ‘ओझं’ मोजायची फूटपट्टी

डिमेन्शिया झालेल्या माणसाची काळजी घेणाऱ्या कुटुंबांवर संशोधन करायचं ठरवलंत, तर पहिल्या महिन्यातच तुमच्या हातात झारिट स्केल पडेल. 22 प्रश्न, प्रत्येकाला 0 ते 4 गुण, जास्तीत जास्त बेरीज 88. गाइड म्हणतील, हेच वापरा, सगळे हेच वापरतात. वापरा. पण ही फूटपट्टी ज्यातून निघाली तो 1980 चा पेपर आधी काढून वाचा. मी पीएचडीच्या दुसऱ्या वर्षापर्यंत तो न वाचताच सायट करत होते, हे इथे कबूल करून टाकते.

त्या पेपरच्या जरा मागे जाऊ. आपल्याकडे ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणतात, नाहीतर ‘म्हातारचळ लागला’ म्हणून विषय संपवतात. अमेरिकेतही बराच काळ ‘सिनिलिटी’ या एका शब्दात सगळं गुंडाळलं जायचं. अल्झायमरने 1906 मध्ये ज्या रुग्णाबद्दल सांगितलं ती बाई पन्नाशीतली होती, त्यामुळे पुढची कित्येक दशकं त्या आजाराचं नाव तुलनेने कमी वयाच्या रुग्णांपुरतंच राहिलं. 1976 मध्ये रॉबर्ट कॅट्झमन यांनी एका संपादकीयात मांडलं की म्हातारपणी होणारा स्मृतिभ्रंश आणि हा आजार वेगळे धरू नयेत. दुर्मीळ समजला जाणारा आजार एकदम लाखोंचा झाला. त्याआधीच, 1974 मध्ये, तिथे वार्धक्यासाठी स्वतंत्र राष्ट्रीय संशोधन संस्थाही स्थापन झाली होती.

‘कुटुंबावरचं ओझं’ ही कल्पना मात्र दुसऱ्याच वाटेने आली. इंग्लंडमध्ये चिचेस्टरला मनोरुग्णांना इस्पितळात ठेवण्याऐवजी घरी ठेवून उपचार सुरू झाले, तेव्हा ग्रॅड आणि सेन्सबरी या दोघांनी विचारलं, की मग घरच्यांवर काय येऊन पडतं? हे 1963 चं काम. म्हणजे ‘ओझं’ हा शब्द सुरुवातीपासूनच ‘इस्पितळ की घर’ या सरकारी प्रश्नाला चिकटलेला आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता स्टीव्हन झारिट. लॉस एंजेलिसच्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात असताना त्यांनी रीव्हर आणि बाक-पीटरसन यांच्यासोबत 29 काळजीवाहकांना 29 प्रश्न विचारले. (दोन्ही आकडे 29 असल्यामुळे नोट्स काढताना गोंधळ होतो, माझा झाला.) तुम्हा-आम्हाला काय वाटेल? विसरणं जितकं जास्त, वागणं जितकं बिघडलेलं, तितकं घरच्यांवर ओझं जास्त. तसं निघालंच नाही. ओझ्याचा संबंध आजाराच्या त्रासाशी दिसला नाही. दिसला तो या गोष्टीशी, की घरातली इतर माणसं भेटायला किती वेळा येतात. येणं-जाणं जास्त, तिथे ओझं कमी.

आता तुमची परीक्षा. यावर पहिला आक्षेप काय घ्याल? नमुना लहान, बरोबर. त्याहून महत्त्वाचा आक्षेप असा, की सगळं एकाच वेळी मोजलंय. भेटींमुळे ओझं कमी झालं, की जिथे वातावरण बरं तिथेच लोक जातात? एवढ्यावरून हे ठरत नाही. व्हायव्हात हाच प्रश्न येतो.

पुढे झारिट पेन स्टेटला गेले. 1986 च्या अभ्यासात त्यांनी आजारी जोडीदाराला सांभाळणाऱ्या नवऱ्यांना आणि बायकांना दोन वर्षांनी पुन्हा गाठलं. रुग्ण नर्सिंग होममध्ये जाणार का, हे आजार किती वाढलाय यापेक्षा सांभाळणाऱ्याला ओझं किती वाटतंय यावरून जास्त कळत होतं. नंतरची कितीतरी वर्षं त्यांनी दिवसभराच्या देखभाल केंद्रांवर घालवली. रुग्ण दिवसा केंद्रात गेला तर घरच्यांचा ताण खरंच उतरतो का, हे बघायला काळजीवाहकांच्या लाळेतली संप्रेरकंसुद्धा तपासली. माझ्या मते हा माणूस आयुष्यभर त्या 29 जणांचाच धागा ओढत होता: दुसरं कुणी येऊन हात लावतं का?

जगभर पसरली ती मात्र फूटपट्टी. अनेक भाषांत गेली, पण भेटींचा मुद्दा बऱ्याच ठिकाणी मागेच राहिला.

भारतात ही चर्चा आली की ‘आपल्याकडे एकत्र कुटुंब आहे’ हे वाक्य येतंच. 10/66 या गटाच्या 2004 च्या अभ्यासात भारतासह विकसनशील देशांतल्या 24 केंद्रांमधून 706 काळजीवाहक होते. एकाच छताखाली राहून सांभाळणाऱ्यांना मोठ्या घरात ताण कमी होता, हे खरं. पण एकूण ताण श्रीमंत देशांपेक्षा कमी नव्हता. लॉरेन्स कोहेन यांचं बनारसवरचं 1998 चं पुस्तक यासोबतच वाचा. म्हातारं माणूस भ्रमिष्टासारखं वागलं की इथे लोक मेंदूकडे नाही, कुटुंबाकडे बघतात: सेवा नीट होत नसणार.

असं असेल तर आपल्या घरांत ‘ओझं’ हा शब्द उच्चारणार कोण? माझ्या पहिल्याच मुलाखतींपैकी एकीत सासूला सांभाळणाऱ्या एका ताईंना मी तो प्रश्न मराठीत विचारला. त्यांनी आतल्या खोलीकडे बघितलं. “ओझं कसलं, आपलंच माणूस आहे.” मी शून्याला गोल केला. बावीसच्या बावीस प्रश्नांची बेरीज 11 आली. कागदावर आनंदी घर.

पेन बंद करता करता, 1980 चा पेपर आदल्या आठवड्यातच वाचलेला असल्यामुळे, मी सहज विचारलं, “घरी कोण कोण येऊन जातं हो?”

त्यांनी बोटं मोजायला सुरुवात केली. “नणंद गणपतीत येते. दीर फोन करतात…” दुसऱ्या बोटावर त्या थांबल्या, आणि पुढची चाळीस मिनिटं मी काहीच विचारलं नाही.